तंबोऱ्याशेजारी गणिताची वही

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या आणि विज्ञान-गणिताचीही ओढ असणाऱ्या मुलामुलींना बहुतेकदा एकच सल्ला मिळतो: सकाळी रियाज करा, संध्याकाळी अभ्यास करा आणि वेळ नीट वाटून घ्या. सल्ला वाईट नाही, पण त्यात दोन्ही विषय नुसते शेजारी राहतात, त्यांची एकमेकांशी ओळख होत नाही. ती ओळख करून घेण्याची जी रीत मी शिकत असताना वापरली आणि पुढे शिकवतानाही वापरत आले, ती येथे सांगते. प्रश्न रियाजातून घ्यायचा, आधी कानाने त्याचा माग काढायचा, मग मोजायचे, मग गणित मांडायचे आणि आलेले उत्तर घेऊन पुन्हा तंबोऱ्यापाशी बसायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे पुस्तकातले सूत्र आधी घेऊन त्यात बसणारा स्वर शोधत निघालो, तर गाणेही हाती लागत नाही आणि विज्ञानही.

यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे. जुळवलेला तंबोरा, मोजपट्टी, आवाज ध्वनिमुद्रित करता येईल असा फोन, शक्य असल्यास संगणक, आणि एक जाड वही. वहीच्या डाव्या पानावर कानाला काय जाणवले ते लिहायचे आणि उजव्या पानावर मोजलेले आकडे व हिशेब. डावे पान भरल्याशिवाय उजव्या पानावर एकही आकडा लिहायचा नाही, हा नियम मी फार कसोशीने पाळायला सांगते, कारण एकदा आकडा दिसला की कान त्या आकड्यासारखेच ऐकू लागतो.

खर्जाच्या तारेपासून सुरुवात

पहिला प्रयोग तंबोऱ्यावरच करावा. तंबोरा जुळवून झाला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या (‘सा’च्या), तारेची लांबी मोजा. घोडीवर तार जेथे टेकते तेथपासून वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंत. समजा ती ९० सेंटिमीटर भरली. आता घोडीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर मध्यावर, डाव्या हाताच्या बोटाने तारेला नुसता स्पर्श करा, दाबू नका. उजव्या हाताने घोडीच्या बाजूला तार छेडा आणि लगेच डावे बोट उचला. खर्जाऐवजी एक सप्तक वरचा मध्य षड्ज ऐकू येईल. हाच स्पर्श ३० सेंटिमीटरवर केला तर मध्य सप्तकातला पंचम मिळतो, साडेबावीसवर तार षड्ज आणि १८ वर, म्हणजे लांबीच्या पाचव्या भागावर, तार सप्तकातला गंधार.

हे का घडते ते समजून घेणे अवघड नाही. ताणलेली तार अखंड कंप पावते, त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही कंप पावत असते. जेथे बोट ठेवले तो बिंदू स्थिर राहू शकेल असेच कंप शिल्लक उरतात, बाकीचे विझतात. खर्जाची वारंवारता सेकंदाला १२० कंपने धरली, तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कंपाची वारंवारता अनुक्रमे २४०, ३६०, ४८० आणि ६०० येते. ज्याला आपण तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार म्हणतो तो हाच ६०० चा स्वर. बोटाने तो एकदा वेगळा काढून ऐकला की मग नेहमीसारखी तार छेडून, कोठेही स्पर्श न करता, तोच गंधार भरल्या आवाजात शोधण्याचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी कदाचित सापडणार नाही. चार-पाच दिवसांत तो हळूच वर येऊ लागतो आणि त्यानंतर मात्र तंबोरा पूर्वीसारखा कधीच ऐकू येत नाही.

उत्सुकता वाढली तर सातव्या भागावर, म्हणजे सुमारे १२.९ सेंटिमीटरवर, स्पर्श करून पाहा. तेथे येणारा स्वर कोमल निषादाजवळचा, पण त्याहून किंचित उतरलेला असतो. तो आपल्या रागांतल्या निषादाशी जुळतो का, हे डाव्या पानावर प्रामाणिकपणे लिहा.

याच तारेवर आणखी एक प्रयोग आहे आणि तो मला सर्वांत आवडतो. तार बरोबर मध्यावर छेडली, तर मध्यबिंदू स्थिर असणारे कंप उत्पन्न होऊच शकत नाहीत, असे आदर्श तारेचे गणित सांगते; म्हणजे दुसरा, चौथा असे सर्व सम कंप गैरहजर असायला हवेत. तंबोरा मध्यावर छेडून पाहा. ते हजर असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांविषयीच्या शोधनिबंधात याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. तिचे कारण घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग अगदी हलक्या उताराचा असतो. त्यामुळे कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा चाटून जाते, टेकण्याची जागा सतत सरकत राहते आणि एका कंपातली ऊर्जा दुसऱ्या कंपांत जात राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये असणारा जवारीचा दोरा सरकवणे म्हणजे ही जागा अचूक साधणे. दोरा काढून दहा सेकंद ध्वनिमुद्रण करा, दोरा नीट बसवून पुन्हा दहा सेकंद करा, आणि दोन्हींची तुलना आधी कानाने, मग संगणकावरच्या आलेखाने करा. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला विषय मी तरी पाहिलेला नाही.

गंधाराचा हिशेब

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा गंधार दर आठवड्याला थोडासा चढा लागत असे. वर्गात तंबोऱ्यावर मी तो उतरवून घ्यायची, आठ दिवसांनी तो पुन्हा चढलेला असायचा. ती घरी संवादिनीवर, म्हणजे पेटीवर, रियाज करते हे कळल्यावर आम्ही दोघींनी तंबोरा आणि संवादिनी एकत्र घेतली. तिचा षड्ज काळी चार, म्हणजे संवादिनीची चौथी काळी पट्टी. तंबोरा चालू ठेवून तिने संवादिनीवर गंधार दाबून धरला, आणि आवाजात लाट उठू लागली: मोठा, लहान, मोठा, लहान. घड्याळ लावून तिने बोटांनी त्या लाटा मोजल्या. दहा सेकंदांत चाळीसच्या आसपास भरल्या.

आता उजवे पान. संवादिनीच्या सप्तकाचे साधारणतः बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टीची वारंवारता आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट असते, म्हणजे बारा वेळा गुणले की बरोबर दुप्पट होते. शुद्ध गंधार चौथ्या पायरीवर येतो, म्हणून तो षड्जाच्या १.२५९९ पट. तंबोऱ्यातला गंधार मात्र ५/४, म्हणजे १.२५ पट. हिशेबाच्या सोयीसाठी षड्ज २४० धरला, तर तंबोऱ्याचा गंधार ३०० आणि संवादिनीचा सुमारे ३०२.४. या दोघांची गाठ तार सप्तकात पडते, कारण खर्जाचा पाचवा कंप ६०० आहे आणि संवादिनीच्या गंधाराचा दुसरा कंप ६०४.८. दोन जवळच्या वारंवारतांतला फरक जितका, तितक्या लाटा दर सेकंदाला ऐकू येतात, म्हणून येथे पावणेपाच लाटा यायला हव्यात. काळी चारचा षड्ज २०७.६५ चा, त्यामुळे तिच्या बाबतीत हीच संख्या ४.१ येते, म्हणजे दहा सेकंदांत ४१. तिने बोटांवर मोजले होते ते हेच.

पंचमाचा असाच हिशेब करून पाहा. संवादिनीचा पंचम ३५९.६ आणि तंबोऱ्याचा ३६०. फरक इतका थोडा की एक लाट पुरी व्हायला अडीच सेकंद लागतात. संवादिनीवर पंचम खटकत नाही आणि गंधार खटकतो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. काही संवादिनींचा गंधार मुद्दाम उतरवून जुळवलेला असतो, तेव्हा हिशेबाआधी आपले वाद्य तपासून घ्यावे. त्या मुलीने पुढे स्वरांचा रियाज फक्त तंबोऱ्यावर करायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत गंधार जागेवर आला, आणि अपूर्णांकांचा गुणाकार तिला पूर्वीइतका रुक्ष वाटेनासा झाला.

गुणोत्तरे, आणि न मिटणारे वर्तुळ

षड्ज २४० धरून शुद्ध स्वर लिहिले की ऋषभ २७०, गंधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६० आणि निषाद ४५० येतात. धैवतापाशी थांबा. ऋषभाचा पंचम म्हणून धैवत काढला तर २७० गुणिले ३/२, म्हणजे ४०५. मध्यमाचा गंधार म्हणून काढला तर ३२० गुणिले ५/४, म्हणजे ४००. दोन्ही धैवत शुद्ध, दोन्ही संवादातूनच आलेले, तरी एक नव्हेत. त्यांचे गुणोत्तर ८१/८०. गळ्यातला धैवत यांपैकी कोणता, हे रागावर, आणि रागात तो कोणाच्या सोबतीने येतो यावर अवलंबून राहणार. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच. भूपात गंधार वादी (रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर) व धैवत संवादी (त्याखालोखालचा), देशकारात नेमके उलट. दोन्ही रागांतला धैवत आपल्याच गळ्यातून, तंबोऱ्यावर, वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच वेळा ध्वनिमुद्रित करून मोजणे हा आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही झेपणारा खराखुरा संशोधनप्रश्न आहे. निकाल आधीच ठरवून बसू नका.

येथे अकरावीचा लॉगॅरिदम उपयोगी पडतो. मंद्र षड्ज ते मंद्र ऋषभ हे अंतर १२० ते १३५, म्हणजे १५. मध्य सप्तकात तेच अंतर २४० ते २७०, म्हणजे ३०. कानाला मात्र दोन्ही अंतरे एकच वाटतात, कारण कान वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. भागाकाराचे वजाबाकीत रूपांतर करणारे साधन म्हणजे लॉगॅरिदम. सप्तकाचे १२०० सेंट असे भाग मानले, तर कोणत्याही दोन स्वरांमधले अंतर काढण्यासाठी त्यांच्या गुणोत्तराचा २ या पायावरचा लॉगॅरिदम घेऊन त्याला १२०० ने गुणायचे. ५/४ चे ३८६ सेंट येतात, संवादिनीच्या गंधाराचे ४००, आणि दोन धैवतांमधले अंतर साडेएकवीस. वर्गात लॉगॅरिदम शिकवण्याआधी ज्या मुलांनी हे करून पाहिलेले असते त्यांना तो का शोधला असेल हे सांगावे लागत नाही.

षड्ज-पंचम भावाने पुढे पुढे जात राहिले तर पुन्हा षड्जावर येतो का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विचारी मूल कधीतरी विचारते. बारा वेळा ३/२ ने गुणले की १२९.७५ येतात, सात सप्तके वरचा षड्ज १२८ पट. जवळ, पण तोच नव्हे. आणि कितीही पुढे गेले तरी तो कधीच येणार नाही, कारण ३ चा कोणताही घात विषम आणि २ चा घात सम. दोन्ही समान होणे शक्य नाही. एवढी छोटी आणि एवढी पक्की सिद्धता शाळेच्या गणितात क्वचितच भेटते.

मोजताना घ्यायची काळजी

ध्वनिमुद्रण दाबून लहान केलेल्या फाइलीत न करता वेव्ह फाइलीत करावे आणि फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर ती तंबोऱ्यालाच गोंगाट समजून पुसत बसते. विश्लेषणासाठी ऑडॅसिटी आणि प्राट ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. प्राट भाषेच्या अभ्यासकांसाठी तयार झाले असले तरी गळ्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, त्यात फार सुंदर दिसते. संगणकाची आवड असेल तर पुढे पायथनमध्ये स्वतःच काही ओळी लिहाव्यात.

वारंवारतांचा आलेख काढताना संगणक एका वेळी आवाजाचा किती लांबीचा तुकडा पाहतो हे आपण ठरवायचे असते, आणि बहुतेक चुका येथेच होतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि ४,०९६ नमुन्यांचा तुकडा निवडला, तर वारंवारतेच्या पायऱ्या १०.८ इतक्या जाड होतात. ३०० आणि ३०२.४ मधला फरक त्यात दिसणारच नाही. ३२,७६८ नमुन्यांचा तुकडा घेतला तर पायरी १.३ ची होते, पण तुकडा पाऊण सेकंदाचा होतो, आणि तेवढ्या वेळात तान चार-पाच स्वरांवरून निघून गेलेली असते. स्वर बारकाईने पाहायचा असेल तर तो लांबवावा लागतो. वेळ बारकाईने पाहायची असेल तर स्वराची अचूकता सोडावी लागते. ही संगणकाची उणीव नसून तरंगांचा स्वभाव आहे. म्हणून ठहरलेल्या स्वरासाठी लांब तुकडा आणि तानेसाठी आखूड तुकडा घ्यावा, आणि कोणता घेतला ते वहीत नोंदवावे.

एक चूक मी स्वतः केली होती ती सांगते, कारण ती सहज होते. दरबारी कानड्यातला कोमल गंधार मोजण्यासाठी मी तो स्वर असलेल्या सगळ्या जागा कापून एकत्र केल्या, वारंवारतांची सरासरी काढली आणि मोठ्या उत्साहाने आमच्या बाईंना आकडा दाखवला. बाईंनी कागद बाजूला ठेवला, तंबोरा घेतला, तो गंधार एकदा गायल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा झुलतोय. झुलणाऱ्याची सरासरी काढलीस तर झुलणंच हरवलं ना.” आंदोलित स्वर हा एक बिंदू नसतो, ती एक हालचाल असते, ती कोठून कोठवर जाते, किती वेगाने जाते आणि कोणत्या टोकाला जास्त रेंगाळते, हे मोजायचे असते. तेव्हापासून सरासरीऐवजी गळा कोणत्या वारंवारतेवर किती वेळ होता याचा आलेख मी काढते, आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

पडद्यावरच्या रेषेकडे पाहत मात्र कधीही गाऊ नका. रेषेला स्वर लावणारा गळा रेषा नसताना अडखळतो. रियाज संपला, तंबोरा ठेवला, की मग ध्वनिमुद्रण उघडावे.

तबल्यावरचे प्रयोग तंबोऱ्याइतके सोपे नाहीत, म्हणून येथे थोडक्यात सांगते. सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे कंप पूर्णांकांच्या पटीत नसतात. पहिला १ मानला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे येतात, आणि म्हणूनच साध्या ढोलाचा नेमका स्वर सांगता येत नाही. तबल्याच्या शाईचे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या थराचे, वजन मध्यभागी असल्यामुळे हे कंप सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ या पटींत येतात आणि चामड्यातून स्वर उमटतो. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली हे ‘नेचर’मध्ये मांडले. ना, तीं आणि तूं हे बोल वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून कोणत्या बोलात कोणता कंप दबला आणि कोणता मोकळा राहिला ते शोधा. कंपाच्या आकृत्या पाहण्यासाठी डब्यावर ताणलेल्या रबरावर मीठ पसरावे. तबल्याच्या पुडीवर काहीही टाकू नये, शाईला ओल सोसत नाही.

तिहाई म्हणजे समीकरण

लयीच्या बाजूने गणित शिकायचे तर तिहाईसारखा दुसरा गुरू नाही. दमदार तिहाईत एक बोल तीन वेळा येतो, मधे दोन वेळा दम, म्हणजे विराम, येतो, आणि शेवटचा आघात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. बोल ‘क’ मात्रांचा आणि दम ‘ख’ मात्रांचा मानला, तर एकूण लांबी ३क + २ख. त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचे असेल तर ही लांबी १६ नव्हे, १७ भरली पाहिजे, कारण शेवटचा आघात ज्या समेवर पडतो ती समही मोजायची आहे. मुले सर्वांत जास्त वेळा चुकतात ती या एका मात्रेत. पाठ केलेली तिहाई बरोबर येते आणि स्वतः बांधलेली एक मात्रा आधी संपते, त्याचे कारण हेच.

३क + २ख = १७ याची पूर्णांकांतली उत्तरे शोधा. क विषम असलाच पाहिजे, म्हणून तीनच जोड्या मिळतात: पाच मात्रांचा बोल आणि एक मात्रा दम, तीन मात्रांचा बोल आणि चार मात्रा दम, किंवा एकच आघात आणि सात मात्रा दम. हाताने टाळी धरून पहिली जोडी म्हणून पाहा. पाच म्हणा, एक सोडा, पाच म्हणा, एक सोडा, पाच म्हणा, आणि शेवटचा धा समेवर येतो. झपतालात बेरीज ११ हवी, म्हणजे तीनचा बोल आणि एक मात्रा दम. रूपकात ८, म्हणजे दोनचा बोल आणि एक मात्रा दम. एकतालात १३, म्हणजे तीनचा बोल आणि दोन मात्रा दम. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, त्रितालाची बेरीज ३३ होते आणि एकदम सहा जोड्या मिळतात, त्यांपैकी एकीत दम शून्य. त्या तुम्हीच काढा.

आता दम काढून टाका. बेदम तिहाई समेपासून समेपर्यंत बांधायची तर ३क ही संख्या आवर्तनांच्या मात्रांपेक्षा एकने जास्त हवी. त्रितालाच्या एका आवर्तनात १७, तीनने भाग जात नाही. दोन आवर्तनांत ३३, म्हणजे अकरा मात्रांचा बोल. धमाराच्या एकाच आवर्तनात १५, म्हणजे पाचाचा बोल चपखल बसतो. एकतालात काय होते पाहा: १३, २५, ३७, ४९. कितीही आवर्तने घेतली तरी तीनने भागून एक उरतोच. म्हणजे एकताल, दादरा किंवा मात्रांची संख्या तीनने विभाज्य असणाऱ्या कोणत्याही तालात, समेवर सुरू होणारी आणि पूर्ण मात्रांची बेदम तिहाई समेवर येऊच शकत नाही. ती दुसऱ्या मात्रेवरून उचलावी लागते, किंवा बोलात दम ठेवावा लागतो. तबलजींना हे हाताने माहीत असते. भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या भाषेत सिद्धता लिहिणे हे तुमचे काम, आणि तिला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही.

सात मात्रांचा बोल त्रितालात सतत म्हणत राहिलो तर समेवर पुन्हा गाठ कधी पडेल? सात आणि सोळा यांचा लसावि ११२, म्हणजे सात आवर्तनांनी. प्रथम टाळीवर म्हणून पाहावे, मग लसावि काढावा. लसावि म्हणजे गाठ पडण्याची जागा, हे एकदा अंगात भिनले की विसरत नाही.

पलटे, प्रस्तार आणि मोजण्याची कला

चार स्वरांचे किती पलटे होतात, हे रोज पलटे घोकणाऱ्या मुलाला विचारले तर तो बोटे मोजू लागतो. सा रे ग म यांची मांडणी २४ प्रकारे होते, सातही स्वरांची ५,०४० प्रकारे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने या मांडण्या क्रमाने कशा लिहाव्यात, त्यातली अमुक क्रमांकाची मांडणी सगळी यादी न लिहिता कशी काढावी, आणि दिलेल्या मांडणीचा क्रमांक कसा ओळखावा, या तिन्हींच्या रीती सांगितल्या आहेत. अशा मांडण्यांवर उभ्या राहिलेल्या आलापीचे मेरुखंड हे नाव तेथूनच येते, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या आलापीत हा विचार ऐकू येतो. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ही रीत स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये उतरवावी. मग त्या २४ पलट्यांतले कोणते गळ्याला सुखाचे आणि कोणते यमनात शोभतील, हे निवडण्याचे काम पुन्हा कानाकडे द्यावे.

एका थाटातून, म्हणजे सात स्वरांच्या एका सप्तकातून, आरोह-अवरोहाच्या किती जाती निघतात हा हिशेब संगीताच्या परीक्षांतही विचारला जातो. षड्ज कायम ठेवून उरलेल्या सहा स्वरांपैकी एकही न वगळता एक प्रकार, एक वगळून सहा, दोन वगळून पंधरा, असे एकूण २२. आरोहाचे २२ आणि अवरोहाचे २२, म्हणून ४८४. उत्तर पाठ करण्याऐवजी ते पंधरा कोठून आले ते लिहून काढा. त्याचप्रमाणे रे, ग, म, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपे घेतली की ३२ सप्तके होतात, आणि पंडित भातखंडे यांनी त्यांपैकी दहाच थाट का ठेवले असावेत, याचा विचार करताना गणित संपते आणि प्रचारातले संगीत सुरू होते. ही सीमा ओळखता येणे मला फार महत्त्वाचे वाटते. गणित शक्यता मोजते. त्यातला राग कोणता, हे पिढ्यांनी गाऊन ठरवलेले असते.

लघू एक मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा धरून चार, पाच, सहा मात्रा किती प्रकारे भरता येतात तेही मोजा: ५, ८, १३. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज आहे, कारण शेवटी एक तर लघू येणार किंवा गुरू. हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्यास छंदांच्या संदर्भात हा नियम सांगितला, आणि ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. २०१४ साली फील्ड्स पदक मिळालेले गणितज्ञ मंजुल भार्गव स्वतः तबला वाजवतात आणि या संख्यांचे मूळ असेच मात्रांतून उलगडून दाखवतात.

वेळ, गुरू आणि पुढचा रस्ता

हे सगळे रोज करू नका. रियाज रोज, प्रयोग आठवड्यातून एकदा, आणि एका महिन्यात एकच प्रश्न. परीक्षेच्या दिवसांत प्रयोग पूर्ण थांबवावेत, पण तंबोऱ्यावर वीस मिनिटे तरी बसावे. गुरूंना आकडे दाखवण्याआधी प्रश्न सांगावा. “तुमचा धैवत ४०५ आहे” असे म्हणण्यात शिकणे नाही, “देशकारात धैवत वर का ठेवायला सांगता” असे विचारण्यात आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मापे ठरवताना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेतला होता. मोजणारा आणि गाणारा एकत्र बसल्याखेरीज हे काम होत नाही.

पुढे कोणती शाखा घ्यावी याची चिंता पालकांना लवकर लागते. विज्ञानाची पदवी घेतलेल्या प्रभाताई अत्रे आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या अश्विनीताई भिडे-देशपांडे या गायिकांची उदाहरणे त्यांना सांगावीत. शिवाय ध्वनिशास्त्र, संकेत-प्रक्रिया आणि संगणकीय संगीतविश्लेषण हे विषय आता स्वतंत्रपणे शिकता येतात. आयआयटी मुंबईत हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांवर असे संशोधन झाले आहे, आणि बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक प्रकल्पातही आपले राग-ताल अभ्यासले गेले. तेथे पोहोचण्यासाठी दहावी-बारावीत त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि तरंगांचा धडा मनापासून करावा लागतो, आणि अर्थातच एक राग तरी नीट गाता यावा लागतो.

पहिल्या महिन्यासाठी खर्जाची तार घ्या. लांबी मोजा, पाचव्या भागावर खूण म्हणून बारीक दोरा सैल बांधा, गंधार वेगळा काढा, मग दोरा सोडवून तो भरल्या आवाजात शोधा, आणि कोणत्या दिवशी तो पहिल्यांदा आपोआप ऐकू आला त्याची तारीख डाव्या पानावर लिहा.